व्हाइट माउंटन्स फॉल प्लॅन: बुकिंग गेलं, आता सगळा खेळ उंचीचा

न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समधल्या लिंकन गावच्या मोटेलवाल्याने बुकिंग रद्द केलं. ऑक्टोबरमधल्या कोलंबस डेच्या लाँग वीकेंडचं, हिवाळ्यातच धरून ठेवलेलं. कारण काय तर म्हणे दुरुस्तीचं काम निघालंय. आणि त्याच मोटेलच्या त्याच तारखांच्या खोल्या दुसऱ्या साइटवर जवळजवळ दुप्पट भावाने दिसतायत, तेव्हा दुरुस्ती नक्की कशाची चाललीय ते समजलं. पैसे परत आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या अपडेटमध्ये टाकलेला, पानझडीच्या रंगांच्या मागोमाग मुक्काम बदलत व्हरमाँटहून न्यू हॅम्पशायरमध्ये उतरत यायचा जो प्लॅन होता, त्याचा मधला खांबच निखळला. आता त्या वीकेंडला कँकच्या (लिंकन ते कॉनवे डोंगरातून जाणारा कँकामॅगस हायवे) आसपास जे काही शिल्लक आहे ते एकतर खिशाला परवडणारं नाही, किंवा त्याचे रिव्ह्यू वाचवत नाहीत.

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, ज्यावर आपण सगळे दरवर्षी डोकं आपटतो. खोली धरायची सहा महिने आधी, आणि पीक, म्हणजे रंग ऐन भरात, नेमका कधी ते कळणार फार तर आठवडाभर आधी. त्यातून या सीझनला छोटी इनवाली मंडळी किमान दोन रात्री घ्यायला लावतात आणि रद्द करायचं तर दहा-पंधरा दिवस आधी सांगा म्हणतात. म्हणजे रंगांची खात्री होईपर्यंत पैसे अडकलेले असतात.

गंमत अशी की तारीख तशी फार हलत नाही. झाडं दिवस लहान व्हायला लागले की आवराआवर सुरू करतात, आणि दिवसाची लांबी दरवर्षी तीच. हिरवा उतरला की आधीपासून पानात असलेला पिवळा उघडा पडतो. बर्च आणि अ‍ॅस्पेन म्हणूनच सहसा दगा देत नाहीत. घोळ आहे तो लालमध्ये. तो पानात आधीपासून नसतो, शेवटच्या आठवड्यांत अडकून राहिलेल्या साखरेतून नव्याने तयार होतो. त्याला लख्ख ऊन हवं, रात्री गार हव्यात, पण पानं गोठवणारी कडक थंडी नको. उन्हाळा कोरडा गेला तर मेपलच्या पानांच्या कडा आधीच करपतात. आणि सगळं जुळून आलं तरी एका वादळी रात्रीत झाड रिकामं होऊ शकतं. व्हाइट माउंटन्समध्ये सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस हा अंदाज पक्का. त्यातले कुठले चार-पाच दिवस, यावर पैज लावू नये.

तरीही ऑगस्ट आला की ते काउंटीनिहाय रंगवलेले अंदाजाचे नकाशे फिरायला लागतात. माझं मत पूर्वीचंच. ते बघायला छान, प्लॅनिंगला शून्य. एका काउंटीत पाचशे फुटांवरचं गावही असतं आणि तीन हजार फुटांवरचा रस्ताही, दोघांना एकच रंग कसा देणार? राज्यांचे पर्यटनवाले ट्रॅकर त्यापेक्षा बरे, पण त्यांचा 'नियर पीक' फारच लांबतो. हॉटेलं रिकामी आहेत तोवर पीक जवळच असतो.

माझा भरवसा स्की रिसॉर्टच्या वेबकॅमवर. गेली काही वर्षं ठरावीक कॅमेऱ्यांच्या सकाळी दहाच्या फ्रेम साठवतोय. त्यातही एक डोकेदुखी होती. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग आपोआप जुळवणारी सोय) ढगाळ दिवशी अख्खा डोंगर तपकिरी करून टाकतो आणि उन्हाच्या दिवशी तोच डोंगर पेटल्यासारखा दाखवतो. मग आदल्या वर्षीशी तुलना करणार कशी? तर एका कॅमेऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात पार्किंग लॉटचा पिवळा बोर्ड येतो. ऊन असो वा पाऊस, बोर्डाचा पिवळा बदलत नाही. आता प्रत्येक फ्रेम आधी त्या बोर्डाच्या पिवळ्याला जुळवून घेतो आणि मग उतारावरच्या बर्चच्या पट्ट्याकडे बघतो. एवढ्याने दोन वर्षांच्या फ्रेम शेजारीशेजारी ठेवण्यालायक झाल्या. लेन्सवर कोळ्याने जाळं विणलं की तो आठवडा मात्र वाया जातो.

आणि या फ्रेम एकापुढे एक लावून बघताना जे दिसलं, त्यावर सगळा नवा प्लॅन उभा आहे. रंग नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो हे खरं, पण त्याहून भराभर तो डोंगरावरून खाली उतरतो. हजार फूट चढलं की साधारण तीन-चार अंश फॅरनहाइटचा फरक पडतो. कँकचा माथा २,८५५ फुटांवर, कॉनवे पाचशेच्या आसपास. म्हणजे ३४.५ मैलांच्या एका रस्त्यावर दोन हजारांहून जास्त फुटांची घसरगुंडी. मग मुक्काम हलवत पीकचा पाठलाग कशाला? एकाच ठिकाणी तंबू ठोकायचा आणि रोज सकाळी ठरवायचं, आज वर जायचं की खाली. एक मर्यादा ध्यानात ठेवायची. साधारण अडीच-तीन हजार फुटांच्या वर स्प्रूस आणि फरचं राज्य सुरू होतं, तिथे वर्षभर हिरवंच. 'अजून वर जाऊ' हे उत्तर तिथे संपतं. रंग आले नसतील तर वर न जाता उत्तरेला जायचं.

या हिशेबात लिंकनपेक्षा लिटलटन-बेथलहेमचा पट्टा कितीतरी सोयीचा निघाला. आय-९३ धरून वीसेक मिनिटांत सेंट जॉन्सबरी, तिथून पुढे लेक विलोबी. म्हणजे नॉर्थईस्ट किंगडम, व्हरमाँटचा ईशान्य कोपरा, तासाभरावर. दुसऱ्या बाजूला फ्रँकोनिया नॉच आणि क्रॉफर्ड नॉच, दोन्ही खिंडी हाताशी. सीझन लांबला तर स्क्वाम लेकही तासाभरात. तिथे ओक भरपूर, आणि ओक सगळ्यात शेवटी रंगतो. बुकिंग एकच, तेही लाँग वीकेंडच्या आधीच्या आठवड्यात, रविवार ते गुरुवार. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार हा इकडे कोलंबस डे, तर कॅनडात थँक्सगिव्हिंगचा असतो, त्यामुळे त्या वीकेंडला क्युबेकच्या गाड्याही आपल्याच रांगेत. ते टळलं. लिटलटनला खोली मिळाली, रद्द करायची मुदत तीन दिवस आधीपर्यंत, आणि भाव लिंकनच्या निम्म्याहून थोडा वर. हे कन्फर्मेशन आलं तेव्हा मी त्या दुरुस्तीवाल्याला मनातल्या मनात माफ केलं.

(चार ठिकाणी रिफंडेबल बुकिंग करून शेवटच्या दिवशी तीन सोडून द्यायची आयडिया इथे परत आलीय. नियमात बसते. पण आपल्याला खोल्या मिळत नाहीत त्याचं अर्धं कारण ही आयडियाच आहे.)

आता मुख्य दिवसाचा लूप. लिटलटनहून रूट ३०२ धरून क्रॉफर्ड नॉचमधून बार्टलेटला उतरायचं. फार पहाटे निघण्यात अर्थ नाही, खिंडीत ऊन उशिरा पोचतं. बार्टलेटहून बेअर नॉच रोड, नऊ मैलांचा, गर्दी तुलनेने कमी, हिवाळ्यात बंद असतो पण आपल्या दिवसांत उघडा. तो थेट कँकच्या मध्यावर काढतो. तिथून पश्चिमेकडे सॅबाडे फॉल्स, शुगर हिल ओव्हरलुक, माथा, आणि माथ्यापलीकडे पेमी ओव्हरलुकला संध्याकाळ. मग लिंकन, फ्रँकोनिया नॉच आणि परत लिटलटन. दुपारनंतर पश्चिमेकडे गाडी चालवताना ऊन डोळ्यांवर येतं, हा आक्षेप येणार हे माहीत आहे. येऊ दे. मेपलच्या पानामागून ऊन आलं की जो लाल दिसतो, तो ऊन पाठीशी घेऊन कधी दिसत नाही.

या लूपमध्ये कँकचा पूर्वेकडचा तुकडा सुटतो: रॉकी गॉर्ज, लोअर फॉल्स, ऑल्बनीचा कव्हर्ड ब्रिज. मुद्दाम सोडलाय. तो सखल भाग, रंग उशिरा धरणारा. वर पानं गळून गेली असतील तर बेअर नॉचच्या तोंडाशी उजवीऐवजी डावीकडे वळायचं, बस. नवीन मंडळींसाठी एवढंच, की कँकवर पेट्रोल पंप नाही आणि फोनला रेंज जवळपास नाहीच. टाकी आधी भरा, नकाशे आधी उतरवून घ्या.

यंदा सासूबाई बरोबर आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांमुळे आर्टिस्ट्स ब्लफची चढण बाद. खरंतर त्यांच्यासाठी कॅनन माउंटनवर नेणारी हवाई ट्राम (रोपवे) डोक्यात होती, पण १९८० पासून धावणारी ती ट्राम २०२५ च्या ऑक्टोबरअखेर कायमची थांबवली. कॉग रेल्वेने (दात्यांच्या रुळावर डोंगर चढणारी गाडी) माउंट वॉशिंग्टनला नेणं सुचवलं होतं कोणीतरी. १८६९ पासूनची गाडी आहे, अनुभव म्हणून जरूर घ्यावा, पण माथ्यावर झाडच नाही तर फॉल कलर्स कुठले? लून स्की रिसॉर्टची गोंडोला लिंकनमध्येच आहे, लूपच्या वाटेवर. ती पक्की केली. सासूबाईंचं म्हणणं, "झाडं गाडीतूनही दिसतात, मला गरम चहा तेवढा वेळेवर मिळू दे."

कॅमेऱ्याचं थोडक्यात. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घ्याच, आणि तो आकाश निळं करण्यासाठी नाही, ओल्या पानांवरची चकाकी मारण्यासाठी वापरा. पाऊस पडून गेलेल्या ढगाळ सकाळी जे रंग मिळतात ते भर उन्हात मिळत नाहीत. फक्त फार वाइड लेन्सवर तो लावला की आकाशात गडद डाग उमटतो, तिथे काढून ठेवा. निरभ्र, गार रात्रीनंतर खोऱ्यात धुकं धरतं. अशी एक सकाळ व्हरमाँटमधल्या पीचम गावासाठी राखून ठेवलीय. कुठली ते आदल्या रात्रीचा हवामान अंदाज बघूनच ठरेल.

हे सगळं लिहिता लिहिता एक नवीनच किडा डोक्यात शिरलाय. टॅमरॅक! सूचिपर्णी असून पानं गाळणारं झाड. ऑक्टोबरच्या मध्यानंतर, मेपलचा बाजार उठल्यावर, दलदलीच्या कडेने ते सोनेरी होतं. तोवर लाँग वीकेंड उरकलेला, खोल्यांचे भाव खाली, रस्ते मोकळे. आणि लिटलटनहून व्हिक्टरी बेसिन, व्हरमाँटमधला दलदलीचा भाग, काही लांब नाही. मग ही ट्रिप आहे तशी ठेवून तिसऱ्या आठवड्यात नुसती दोन दिवसांची एक धाड मारावी का? की मूळ ट्रिपमधलाच शेवटचा दिवस कापून तो तिकडे जोडावा? सध्या कल धाडीकडे आहे, कारण तिला आगाऊ बुकिंग लागणार नाही. आणि त्यासाठी वेबकॅमही शोधून झाला, पण त्याच्या फ्रेममध्ये पिवळा बोर्ड नाही. पांढऱ्या कोठाराच्या भिंतीवर भागवावं लागेल.

व्हिक्टरी बॉगला (बेसिनमधली दलदल) त्या दिवसांत कोणी गेलं असेल तर फोटो तारखेसकट टाका, आणि गाडी कुठे लावलीत तेही सांगा. शिकारीचा मोसम असतो, तेव्हा केशरी जाकीट घेऊन जाणार आहेच.