उत्तनला पायी, रिकाम्या हाताने

यंदा मी ठाण्याहून भाईंदरजवळच्या उत्तनला, वेलंकनी मातेच्या (मारियामातेच्या) यात्रेला चालत गेले आणि आयोजकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. चालण्यापेक्षा मला त्या दुसऱ्या गोष्टीचंच अप्रूप जास्त.

अकरा वर्षं झाली, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, गायनवृंदात गाते, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचा हिशेब ठेवते. सणाच्या आदल्या दिवशी वेदीची फुलंही माझ्याच गळ्यात. कोणी लादलं असं नाही, मलाच नाही म्हणता येत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका संध्याकाळी माळ जपताना लक्षात आलं, की बोटं मणी सरकवतायत आणि डोक्यात झेरॉक्सचे पैसे फिरतायत. पुढे पुढे तेही नाही, नुसतं कोरडं. बादली विहिरीत सोडावी आणि ती खणखणत रिकामी वर यावी, तसं. मुलांना ‘येशूचं तुमच्यावर प्रेम आहे’ सांगायचे तेव्हा आवाज फलाटावरच्या घोषणेसारखा निघायचा.

कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेले आणि फादरांना म्हटलं, "माझी श्रद्धा संपली." ते म्हणाले, "झोप किती होते?" मला रागच आला. मी पाप सांगतेय आणि हे डॉक्टरसारखं काय विचारतात! वर प्रायश्चित्त म्हणून बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला सांगितला.

तो एलिया या संदेष्ट्याचा अध्याय. कार्मेल डोंगरावर बआल देवाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहून जिंकलेला हा माणूस. पुढे ईजबेल राणीची एक धमकी येते आणि तो रानात पळतो. एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि देव काय करतो? रागावत नाही, उपदेशही करत नाही. एलिया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. खातो, पितो आणि पुन्हा झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा उठवून म्हणतो, खा, वाट तुला झेपणारी नाही. मग त्या भाकरीच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत होरेब डोंगर गाठतो. वर्गात मी ही गोष्ट किती वेळा शिकवली असेल, पण ते दुसऱ्यांदा झोपणं माझ्या कधी नजरेतच आलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू वारकरी आहेत, वीसेक वाऱ्या केलेल्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, माउलींची पालखीसुद्धा पुण्यात दोन मुक्काम करते. विसावा वाटेतच असतो, वाट संपल्यावर नसतो. तू काय पालखीपेक्षा मोठी लागून गेलीस?"

तर शनिवारी रात्री आठला तलावपाळीजवळच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चपाशी आम्ही चाळीसेक जण जमलो. 8 सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिवस, दोन दिवसांवर. निघताना एका तरुणाने ठाण्याच्या हुतात्म्यांची आठवण काढली. 1321 साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे चार संन्यासी याच गावात मारले गेले. कोल्लमला जायचं जहाज त्यांना इकडे घेऊन आलं होतं. त्यांच्या अस्थी पुढे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनने चीनपर्यंत नेल्या. ऐकताना वाटलं, ते जिवानिशी गेले आणि मी फुलांच्या बिलावरून रडतेय. पण अशी तुलना करून मी स्वतःला गेली कित्येक वर्षं दामटत आलेय. तिने बळ कधी आलं नाही, फक्त लाज वाढली.

माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा. घोडबंदर रोड, मेट्रोचे खांब आणि खड्डे, त्याबद्दल ठाणेकरांना मी काय सांगणार? कासारवडवलीच्या पुढे कोणीतरी माझ्या हातात माईक दिला, "माळ तुम्हीच सांगा ना." घसा बसलाय म्हटलं. खोटं होतं. यात्रेत खोटं बोलले! पण माळ एका कॉलेजातल्या मुलीने सांगितली, मध्ये दोनदा चुकली, आणि पहिल्यांदाच मी नुसती उत्तर देत चालले. नमो मारिया, नमो मारिया. सोळा चाकी ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, आवाज बुडायचा आणि ट्रक गेला की पुन्हा वर यायचा.

गायमुखच्या घाटात डाव्या हाताला जंगल, उजवीकडे खाडीचा ओला वास. तिथे उजव्या टाचेला फोड आला. दरवर्षी बँडेडची पिशवी माझ्याकडे असते. यंदा नव्हती. मागून येणाऱ्या पाण्याच्या टेम्पोत बसायला सांगितलं तर मी बसले नाही. अहंकार, दुसरं काय. काशिमिऱ्याला बुटातला मोजा रक्ताने चिकटला तेव्हा भाईंदरपर्यंत गुपचूप टेम्पोत जाऊन बसले.

मुर्धा, राई, मोर्वा. उजाडत होतं. मी बरीच मागे राहिले होते. एका ओट्यावर आजी झाडत होत्या. माझी चाल बघून म्हणाल्या, "बस गं बाय. मावली काय पलून जाते का?" आत गेल्या आणि बिनदुधाचा चहा, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी घेऊन आल्या. कुठली, कोणाची, कसला नवस, काही विचारलं नाही. पाय पुसायला जुना पंचा दिला. भाकरी खाल्ली आणि भिंतीला टेकले. डोळे उघडले तेव्हा उन्हाची तिरीप पायावर आली होती आणि सहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधीच होऊन गेली होती.

उत्तनला पोचले तेव्हा गर्दी मावत नव्हती. बोंबील वाळत घालायच्या वलांड्या अजून रिकाम्या, समुद्र मातकट. मेणबत्ती लावली. पर्समध्ये चौदा मागण्यांची चिठ्ठी होती, ती काढली नाही. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. टाच ठणकत होती आणि मला बरं वाटत होतं, इतकंच.

घरी येऊन तो अध्याय शेवटपर्यंत वाचला. होरेबवर एलिया तक्रार करतो, मी एकटाच उरलोय. देव म्हणतो, आणखी सात हजार आहेत. आणि जा, तुझ्या जागी अलीशाचा अभिषेक कर. म्हणजे भाकर आणि झोप झाल्यावर देवाने त्याला दिलं ते हे, काम सोपवायला माणूस.

हिशेबाची वही मी दिली. फुलंही दिली. मुलांचा वर्ग ठेवला. माळेला परवा डोक्यात झेरॉक्स आलंच, पण तिसऱ्या दशकापर्यंत, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, आलं नाही.

या रविवारी वेदीवरची शेवंती एका बाजूला कललेली होती. मी दोनदा उठायला गेले. मग बसले.