फणसाच्या दारापासून पहिल्या मजल्यापर्यंत : आमची वाटचाल

घरांचे प्लॅन काढणाऱ्या आमच्या ऑफिसचा बोर्ड चिपळुणात लावला तो १९९६ साली. भागीदार आणि मी, दोघेच. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तळमजल्याचा गाळा मिळाला. ड्रॉइंग टेबल परवडत नव्हतं, म्हणून पाडायला काढलेल्या एका घराचं फणसाचं दार मागून आणलं, दोन घोड्यांवर आडवं टाकलं आणि त्याला मिनी ड्राफ्टर, म्हणजे सरळ रेघा मारायचं हलतं पट्टीचं यंत्र, लावला. कडीच्या जागी दाराला जो खळगा होता, त्यात रोट्रिंगच्या शाईच्या पेनांच्या निबा राहायच्या. ट्रेसिंगवर, म्हणजे नकाशाच्या पारदर्शक कागदावर, चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची, जास्त खरवडलं की कागद फाटायचा आणि भागीदार आईवरून शिवी द्यायचा. प्रिंट काढायला लागणाऱ्या अमोनियाच्या वासाने शेजारचा किराणावाला आठवड्यातून एकदा तरी भांडायला यायचा. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती मोबाइलमधून मान वर न काढता ‘हो का सर’ म्हणतात.

आमची शाळा म्हणजे आमचे गवंडी मेस्त्री. जांभ्याला, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या दगडाला, लॅटराइट हे नाव बुकाननने १८०७ साली दिलं, लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट, हे आम्ही कॉलेजात पाठ केलं होतं. पण तो विटेसारखाच पाणी पितो, हे मेस्त्रींनी दाखवलं. खाणीवर ट्रक भरायच्या आधी ते चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यावर, ओंजळभर पाणी टाकायचे आणि ते किती वेळात आत जातं ते बघत उभे राहायचे. गटकन प्यायला की बाजूला. पांढऱ्या मातीचे डाग दिसले की बाजूला. मग तासणीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकायचा. “साहेब, बद्द वाजतो तो पायऱ्यांना पण नको.” खाणवाला वैतागायचा. अशा रीतीने निवडलेल्या चिऱ्याच्या भिंतीला आम्ही बाहेरून गिलावा केला नाही, चिऱ्यांमधल्या सांध्यांची नुसती दर्जा भरली. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात हे करायचं तर छप्पर पुढे काढावं लागतं. पागोळी भिंतीपासून अडीच फूट लांब पडली पाहिजे, हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. तो मोडायला सांगणारी दोन कामं आम्ही सोडली, आणि तेव्हा सोडण्याइतकी कामं हातात नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक एक शाळामास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आम्हीही. घर बांधायचं होतं टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, आणि पैसे होते खालच्या सपाट जागेवर बांधण्यापुरते. वरच्या जागेचा भराव वाचवायला आम्ही घर दोन पातळ्यांत तोडलं, मधे चार पायऱ्या टाकल्या. गुरुजींनी प्रत्येक प्रिंटवर तारीख घालून सही करून घेतली, एक प्रत स्वतःच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. पुढे शाळेची पडवी, वाडीचं समाजमंदिर, विहिरीचा कठडा, जे काम निघालं ते घेऊन आमच्याकडेच आले. फी कमी करा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. उशिरा दिली, पण दिली.

आता त्या देवळाचं सांगतो, कारण त्यानंतर वाडीवाडीत आमच्याबद्दल जे बोललं गेलं त्याचा खुलासा कधी कुणी केला नाही.

शेजारच्या गावच्या ग्रामदेवतेचं जुनं देऊळ. लाकडी खांब, कौलारू छप्पर, मोकळा सभामंडप, पुढ्यात शिमग्याला पालखी बसते ती सहाण. छपराचे वासे कुजले होते. खांब मात्र ठणठणीत. आम्ही अकरा दिवस मापं घेतली, एकेका खांबाला नंबर घातले, कुठला वासा बदलायचा, कुठला नुसता जोडायचा याचं ट्रेसिंग केलं. सगळं फुकट, गावदेवीचं काम म्हणून. निर्णय मात्र गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचा होता, कारण वर्गणी तिथून येणार. परळला रविवारी बैठक. तिथे आमच्याआधी जो बोलायला उभा राहिला तो आमच्याच फणसाच्या दारावर चार वर्षं काम शिकलेला मुलगा. आमच्याकडून गेला तेव्हा मी त्याला माझा जुना ड्राफ्टर दिला होता. त्याने लॅपटॉपवर रंगीत चित्र दाखवलं : आरसीसी स्लॅब, वर शिखर, खाली ग्रॅनाइट, कळसावर ऊन पडलेलं. आणि वर म्हणाला, “प्लॅनचे पैसे नाहीत, कामात धरू.” मी ट्रेसिंग उलगडलं आणि वाशांबद्दल बोलायला लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे परत कौलंच?” तिथेच संपलं.

खांब विकले गेले. कुठल्या तरी हॉटेलच्या व्हरांड्यात ते आहेत असं ऐकतो, बघायला गेलो नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. तिसऱ्या वर्षी स्लॅबवर पत्र्याची शेड चढली. अख्ख्या कोकणात हेच चाललंय : आधी कौलं काढायची, स्लॅब घालायचा, मग स्लॅबला पावसापासून वाचवायला छप्पर घालायचं. त्या मुलाने मात्र गावोगाव सांगितलं की ही माणसं तुम्हाला मातीत ठेवायला बघतात. त्या वर्षी आमची तीन कामं गेली. भागीदार पुण्याला गेला. भांडून नाही गेला, पण थांबलाही नाही.

नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. पहिला हप्ता खात्यात आल्याशिवाय सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, दाखवू नका. समितीपुढे ट्रेसिंग उलगडू नका, त्यांना त्यातलं फक्त कुरकुरणं ऐकू येतं. आणि देवळाचं काम फुकट करू नका. देवी फी बुडवत नाही, समिती बुडवते.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं ठीक गेली. माणसं पाच झाली, संगणक आले, शाळा-अंगणवाड्यांची कामं मिळाली.

२२ जुलै २०२१. आदल्या रात्री पाऊस थांबतच नव्हता. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या गावात. २६ जुलै २००५ चा पूर मी बघितला होता. तेव्हा आमच्या गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं, म्हणून सगळी कपाटं मी चार फुटांवर घेतली होती आणि त्या हुशारीवर सोळा वर्षं निवांत होतो. या वेळी पाणी छताखालच्या पंख्याच्या पात्यांना लागलं. लोकांना जोतं उंच घ्या, मीटर वर घ्या असं पंचवीस वर्षं सांगणारा माणूस स्वतः तळमजल्यावर भाड्याने बसला होता. यावर गावात जे विनोद झाले ते सगळे मी ऐकलेत.

तिसऱ्या दिवशी शटर उघडलं. गुडघाभर चिखल. ट्रेसिंगच्या गुंडाळ्यांचा लगदा झाला होता, हातात घेतला की पिठासारखा गळायचा. पॉलिएस्टर फिल्मवर काढलेली थोडी ड्रॉइंगं तेवढी धुऊन दोरीवर वाळत घातली. संगणकांतून चिखल ओतला. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. फणसाचं दार मात्र तरंगून दुसऱ्या भिंतीला लागलं होतं, उलटं. आमचंच काय घेऊन बसता, १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तिथलीही पुस्तकं दुसऱ्यांदा बुडाली.

त्या महिन्यात मी फर्म बंद करायचं ठरवलं होतं. मुलांना पगार देऊन मोकळं करायचं, इतकंच बाकी होतं. तेवढ्यात गुरुजी रिक्षातून उतरले, मागच्या सीटवर ती ट्रंक. वय ऐंशीच्या पुढे. आत आमच्या एकोणीस कामांच्या प्रिंट, तारखेनिशी, निळ्याच्या जांभळ्या झालेल्या. बसले नाहीत. “अहो, पाणी कुठवर आलं ते लिहून ठेवलंत का? लोक भिंती धुवायला लागलेत.”

म्हणून आम्ही लेव्हल पाइप काढला. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकांना दोन माणसं, लेसर फिसर काही नाही. ज्या भिंतीवर चिखलाची रेघ शाबूत होती तिथे एक टोक धरायचं, दुसरं टोक त्याच गल्लीतल्या धुऊन रंगवलेल्या घराच्या खांबावर. नळीतला बुडबुडा बोटाने टिचकी मारून घालवायचा, पाणी डोलायचं थांबलं की पेन्सिल. एका गल्लीपुरतंच हे चालतं, पुढच्या गल्लीत पुन्हा तिथली रेघ शोधायची, कारण पुराचं पाणी वाहतं असतं, टाकीसारखं सपाट नसतं. सव्वा महिन्यात त्रेसष्ट घरांची वही झाली : जोत्यापासून रेघ किती, स्विचबोर्ड किती, माळ्याला शिडी आहे का.

त्याच वहीवर फर्म पुन्हा उभी राहिली. घरमालक आपणहून यायला लागले, आमच्या घराचा आकडा सांगा म्हणून. मग पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांवरून गावात वाद पेटला, नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण झालं, तेव्हा त्या वहीच्या झेरॉक्स कुठे कुठे फिरल्या ते मोजलं नाही. एक सापडली आमच्या त्याच जुन्या विद्यार्थ्याच्या ऑफिसात. ‘पुरातही सुरक्षित बंगला’ अशी त्याची जाहिरात होती, आणि त्यातले आकडे आमचे, अगदी आमच्या एका चुकीसकट. एका घराचं माप आम्ही सहा इंच जास्त लिहिलं होतं, तेही तसंच.

ऑफिस आता पहिल्या मजल्यावर आहे. दार रंधून घेतलं, थोडं वाकलंय, त्यावर मोठे नकाशे छापायचा प्लॉटर ठेवलाय. मेस्त्री गेले, त्यांचा नातू साइट बघतो आणि चिऱ्यावर पाणी टाकून थांबतो.

गेल्या महिन्यात त्या देवळाच्या समितीचं पत्र आलं. शेड गंजली, स्लॅबच्या सळ्या बाहेर आल्या, तर पूर्वीसारखं कौलारू करता येईल का, आणि तुमच्याकडे जुनी मापं असतील. आमचं ट्रेसिंग पुरात गेलं. पण गुरुजींच्या ट्रंकेत त्याची प्रिंट निघाली, खांबांच्या नंबरांसकट. पत्राच्या शेवटी ओळ होती, मागच्या वेळी आपण मोफत केले होते, तरी त्याचा विचार व्हावा.

उत्तर पाठवलंय. साइट व्हिजिटची फी आगाऊ.