गोळी थांबली की जळजळ परत: एच. पायलोरीच्या उपचाराचा माझा अनुभव

ॲसिड कमी करणारी गोळी सुरू असेपर्यंत मी ठीक असायचो. ती बंद केली की काही दिवसांत सगळं परत सुरू. छातीच्या हाडाखाली पोखरल्यासारखं दुखायचं, चार घास खाल्ले तरी पोट गच्च व्हायचं आणि उपाशीपोटी मळमळायचं. घरातल्यांपासून ओळखीपाळखीच्यांपर्यंत सगळे एकच सांगत, पित्त आहे, जागरणं कमी कर. बराच काळ मीही तेच धरून चाललो होतो. मग रक्ततपासणीत लोह कमी निघालं. लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वर येईना, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी मला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून पाहण्याच्या तपासणीची, तारीख मिळाली, पण एक अट होती. आधीचे दोन आठवडे ॲसिडची ती गोळी पूर्ण बंद. डॉक्टरांना एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूंचा संशय होता. गोळी चालू असताना या जंतूंची संख्या कमी होते, ते जठराच्या वरच्या भागात सरकतात आणि तपासणीत सापडत नाहीत, म्हणजे जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत त्रासाचा काळ मला हाच वाटला. फारच जळजळलं तर साधं अँटासिड घ्यायची परवानगी होती, त्यावर निभावलं.

एंडोस्कोपीची जेवढी धास्ती घेतली होती तेवढं काही नव्हतं. घशात बधिरतेचा स्प्रे मारला, डाव्या कुशीवर झोपवलं आणि काही मिनिटांत नळी बाहेर. जठराच्या अस्तराचे तुकडे घेतले, तेही कळले नाहीत. तुकडे एकाच जागेवरून न घेता खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही भागांतून घेतले, कारण जंतू आणि सूज सगळीकडे सारखी पसरलेली नसते. एक तुकडा तिथेच युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकला. थोड्या वेळानं जेल गुलाबी झालं. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, थोडक्यात एच. पायलोरी, हा जंतू माझ्या पोटात होता.

जेलचा रंग ज्यामुळे बदलला, त्याच गोष्टीच्या जोरावर हा जंतू जठरात तग धरतो. जठरातल्या तीव्र आम्लात बहुतेक जंतू मरतात. हा मात्र युरिएज नावाचं विकर भरपूर तयार करतो. ते युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतं आणि जंतूच्या भोवतीपुरतं आम्ल निष्प्रभ होतं. मळसूत्रासारखा आकार आणि शेपट्या यांच्या मदतीनं तो चिकट श्लेष्माच्या थरात शिरतो आणि आम्ल कमी असलेल्या खालच्या भागात, पेशींच्या अगदी जवळ, मुक्काम ठोकतो.

काही दिवसांनी बायॉप्सीचा, म्हणजे त्या तुकड्यांच्या तपासणीचा, रिपोर्ट आला : क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराच्या अस्तराची जुनाट आणि अजून धगधगणारी सूज. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जंतू अस्तराच्या पेशींना चिकटतो. त्याच्या काही प्रकारांत कॅगए नावाचं प्रथिन असतं, ते तो सुईसारख्या रचनेतून थेट पेशीच्या आत सोडतो. चिडलेली पेशी रासायनिक हाक देते आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. रिपोर्टमधला ‘ॲक्टिव्ह’ तो यांच्यामुळे. त्यांच्यामागून लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या दुसऱ्या संरक्षक पेशी येऊन ठाण मांडतात, तो ‘क्रॉनिक’ भाग. जंतू मुख्यतः श्लेष्मात राहत असल्यानं या सैन्याला तो पुरता मारता येत नाही, आणि त्याच्यासाठी सोडलेली रसायनं आपल्याच अस्तराला इजा करत राहतात. उपचार केला नाही तर ही सूज सहसा आयुष्यभर राहते. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा नीट समजलं की ॲसिडच्या गोळीनं बरं वाटूनही मूळ दुखणं का हललं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सूज जठराच्या कोणत्या भागात जास्त आहे यावर पुढचं बरंच ठरतं. ती खालच्या भागात, अँट्रममध्ये, जास्त असेल तर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, आम्ल जास्त सुटतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होऊ शकतो. सूज वरच्या मुख्य भागात पसरली तर आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच झिजत जातात, म्हणजे आम्ल कमी होतं. अन्नातलं लोह शोषायला आम्ल लागतं, त्यामुळे लोहही कमी पडू लागतं. कर्करोगाचा धोका या दुसऱ्या प्रकारात जास्त. माझी सूज दोन्ही भागांत होती, पण ग्रंथी झिजलेल्या नव्हत्या आणि अस्तराचं आतड्यासारखं रूपांतरही झालेलं नव्हतं. रिपोर्टमधल्या या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं 1994 मध्ये या जंतूला पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलं आहे. तरी ज्यांच्या पोटात तो असतो त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, अनेकांना तर कसलाच त्रास नसतो, हेही डॉक्टरांनी लगेच सांगितलं.

जठराला जंतूमुळे सूज येते, हे एकेकाळी वैद्यकीय जगाला पटत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांना बायॉप्सीत हे जंतू दिसले आणि बॅरी मार्शल त्यांच्यासोबत कामाला लागले. 1984 मध्ये मार्शल यांनी आपलं जठर निरोगी असल्याची खात्री करून जंतूंचं द्रावण स्वतः प्यायलं. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि बायॉप्सीत सूज दिसली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माझ्यासारख्यांना आज औषधांच्या कोर्सनं बरं होता येतं, त्यामागे त्यांचा हा हट्ट आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

उपचार ठरवताना डॉक्टरांनी आधी विचारलं, पूर्वी कोणकोणती अँटिबायोटिक घेतली आहेत? छातीच्या संसर्गासाठी मी क्लॅरिथ्रोमायसिनच्या जातीचं औषध घेतलं होतं. अशा वेळी जंतू त्या औषधाला दाद न देण्याची शक्यता वाढते, म्हणून ते वगळलं. बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल ही दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारी गोळी असा 14 दिवसांचा कोर्स ठरला. मद्य पूर्ण बंद. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नीट शोषलं जात नाही, म्हणून लोहाच्या गोळ्याही तेवढ्यापुरत्या थांबवल्या.

कोर्स सोपा नाही. तोंडाला सतत धातूची चव, भूक मेलेली आणि दिवसातून अनेकदा मूठभर गोळ्या. बिस्मथमुळे शौच काळी होते, हे आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. डांबरासारखी चिकट, दुर्गंधी शौच झाली किंवा चक्कर आली तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो, लगेच या, अशी ताकीद होती. अर्ध्यावर सोडावंसं वाटलं तेव्हा एकच विचार मला धरून ठेवायचा : अर्धवट कोर्समधून वाचलेला जंतू पुढच्या वेळी जास्त चिवट असेल.

कोर्स संपल्यावर लगेच तपासणी करत नाहीत. किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि त्यातले शेवटचे दोन पुन्हा ॲसिडच्या गोळीविना. मग श्वासाची तपासणी. खास कार्बन असलेला युरिया पिऊन काही वेळानं पिशवीत फुंकायचं. जंतू उरला असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासात उतरतो. बरं झाल्याची खात्री करायला रक्तातली अँटिबॉडी तपासणी चालत नाही, कारण जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या या अँटिबॉडी जंतू गेल्यावरही दीर्घकाळ रक्तात राहतात. आणि ‘आता बरं वाटतंय’ एवढ्यावर कोणी ही तपासणी टाळू नये, असं मी आग्रहानं सांगेन. त्रास थांबला म्हणजे जंतू गेला असं नसतं.

माझी तपासणी निगेटिव्ह आली. तरी पोट एका रात्रीत शांत झालं नाही. न्यूट्रोफिल लवकर ओसरतात, पण लिम्फोसाइट कमी व्हायला महिने, कधी वर्षंही लागतात. जळजळ हळूहळू विरळ होत गेली. लोह मात्र पुढच्या तपासणीत वर चढलेलं होतं, आणि तो आकडा पाहून मला श्वासाच्या रिपोर्टपेक्षाही जास्त आनंद झाला.

हा जंतू बहुधा लहानपणी, घरातल्या माणसांकडूनच येतो. माझ्या भावालाही वर्षानुवर्षं तोच त्रास आहे. त्यानं शौचाची अँटिजेन तपासणी, म्हणजे शौचात जंतूचे अंश शोधणारी तपासणी, करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांना भेटणार आहे, आणि आजवर घेतलेल्या अँटिबायोटिकची यादी करायला जुनी प्रिस्क्रिप्शन शोधतो आहे.