हप्ता माझ्या नावावर, मग दुधाचं बिल कुणाच्या?

मी सांगोला तालुक्यात एका संस्थेसाठी फील्डवर काम करते. ज्याला छोटं कर्ज हवंय त्याच्या घरी जायचं, धंद्याची माहिती घ्यायची, फोटो काढायचा, चार ओळी लिहून ऑनलाइन टाकायच्या, मग पुण्या-मुंबईची माणसं मोबाईलवर ते वाचून कुणी शंभर कुणी पाचशे टाकतात आणि रक्कम पूर्ण झाली की कर्ज मिळतं. अमेरिकेतल्या किवा या साइटने 2005 ला हा प्रकार सुरू केला, तिथे सुरुवातीला 25 डॉलरपासून देता यायचं आणि कर्ज घेणाऱ्यांत शंभरातल्या ऐंशीच्या आसपास बायकाच. बाईच्या कर्जाची रक्कम पुरुषाच्यापेक्षा लवकर गोळा होते हे तिथल्या आकड्यांवरून अभ्यासकांनी दाखवलंय, आम्हाला तर ते रोज दिसतं.

म्हणून मग ऑफिसचं म्हणणं असतं की शक्यतो वहिनींच्या नावाने फॉर्म भरा, फोटो वहिनींचा लावा. एका सलूनवाल्या दादांना मी हे सांगितलं तर ते सरळ नाही म्हणाले. "माझ्या बायकोनं दुकानात कधी पाय ठेवला नाही ताई, खुर्ची मी घेणार आणि कर्जदार ती? उद्या धंदा बसला तर लोक तिच्या दारात येतील." त्यांचा फॉर्म त्यांच्याच नावाने गेला आणि खूप दिवस अर्ध्यावर अडकून पडला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तर एके दिवशी म्हशीसाठीचं कर्ज होतं. घरात आधीच एक पंढरपुरी म्हैस, दुसरी घ्यायची होती. काकू पन्नाशीच्या, बचत गटात बरीच वर्षं, त्यामुळे पासबुक, व्याज, हप्ता यातलं सगळं कळणाऱ्या. मी गेले तेव्हा वैरण टाकून हात धूत होत्या. काका खुर्ची घेऊन बसलेले आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं तेच देत होते, दूध किती, फॅट किती, पेंडीचा खर्च किती, आणि गंमत म्हणजे प्रत्येक आकडा सांगताना आधी आत बघायचे, काकू आतून सांगायच्या मग ते मला सांगायचे.

मी डेअरीची चिठ्ठी मागितली. छोटीशी पावती, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम, आणि वर दूध घालणाऱ्याचा डेअरीतला कोड नंबर नि नाव. नाव काकांचं. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी खात्यावर जमा होतं आणि ज्याच्या नावाचा कोड त्याच्याच खात्यावर जातं.

काकूंनी पदराला हात पुसले, चिठ्ठी घेतली, बघितली आणि म्हणाल्या, "ताई, कर्ज माज्या नावावर ना? हप्ता चुकला तर मलाच इचारणार ना? मग बिल ह्यांच्या खात्यावर कसं?" काका म्हणाले, अगं घरातच येतंय ना पैसं. त्यावर काकू, "येतंय, पण मला मागावं लागतंय. शेण मी काढायचं, धारा मी काढायच्या आन् पेंडीला पैसं मागायचं. नवीन म्हशीचं दूध माज्या कोडवर जाईल, न्हायतर मी सही करत न्हाय, फोटो बी काढू नका."

सगळे गप्पच झाले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "खरं हाय तिचं." बस्स, तिथंच काकांचा विरोध संपला. रागावले नाहीत, उलट गाडी काढली आणि आम्ही तिघं डेअरीवर गेलो. सचिव म्हणाले त्यात काय, आधार आणि पासबुकची झेरॉक्स द्या, नवीन कोड काढून देतो. एवढ्या वर्षांत कुणी मागितलाच नव्हता!

बांगलादेशातल्या अशा छोट्या कर्जांचा एक अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला होता, गोएट्झ आणि सेन गुप्ता यांचा, त्यात दिसलं की बायकांच्या नावावरच्या कर्जाचा मोठा भाग प्रत्यक्षात घरातले पुरुष वापरतात. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं होतं, पण नाव बाईचं असणं आणि पैसा बाईच्या हातात असणं यातलं अंतर काकूंनी एका चिठ्ठीवर दाखवून दिलं. पैसे टाकणाऱ्यांना बाईचा हसरा फोटो दिसतो, खातं कुणाचं ते दिसत नाही, आणि ते दिसावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते लोक चांगल्या हेतूनेच देतात.

त्या संध्याकाळी प्रोफाइल लिहिताना मी नेहमीचं 'घराला हातभार लावतात' काढून टाकलं. लिहिलं, म्हशींचं सगळं काम या करतात, नवीन म्हशीच्या दुधाचं बिल यांच्या स्वतःच्या खात्यावर येणार आहे आणि हप्ता त्यातूनच जाईल. ऑफिसने विचारलं ही बिलाची ओळ कशाला. मी म्हटलं राहू दे, आणि ती राहिली. आता म्हशीचा फॉर्म असला की मी डेअरीची चिठ्ठी बघितल्याशिवाय फोटोच काढत नाही, आणि धंदा पुरुषाचा असेल तर फॉर्म त्याच्याच नावाने भरते, रक्कम पूर्ण व्हायला वेळ लागला तरी.