बिज्याच्या पेल्यातले पाणी आणि रक्तातली साखर

गोंदिया-गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारांत बिज्याच्या लाकडाचे पेले विकायला येतात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवावे आणि सकाळी ते उपाशीपोटी घ्यावे, म्हणजे ‘शुगर’ उतरते, असे विकणारा सांगतो. आमच्या काकाजींनी असा पेला आणल्यावर या लाकडाविषयी मिळेल ते वाचून काढावे, असे मला वाटले.

हा समज अलीकडचा नाही. बिजा म्हणजेच आयुर्वेदातील असन किंवा विजयसार. सुश्रुतसंहितेने त्याला सालसारादि गणात, म्हणजे औषधी वनस्पतींच्या एका गटात, घातले असून तो गण मेहावर (ज्यात मधुमेहही येतो अशा मूत्रविकारांवर) उपयुक्त मानला आहे. औषधात वापरतात तो मात्र खोडाचा आतला, पक्का झालेला गाभा. साल किंवा कोवळे लाकूड नव्हे.

या गाभ्यातील एपिकॅटेचिन या द्रव्याने उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा वाढतात, असा दावा भारतीय संशोधकांनी १९८१ मध्ये केला आणि त्याची बरीच चर्चा झाली. परंतु इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांना तसा परिणाम आढळला नाही. अधिक भरवशाचे वाटते ते याच गाभ्यातील टेरोस्टिल्बीन हे दुसरे द्रव्य. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मधुमेही उंदरांची साखर टेरोस्टिल्बीन आणि मार्सुप्सिन या दोन द्रव्यांनी जवळपास मेटफॉर्मिन या मधुमेहावरील नेहमीच्या औषधाइतकी खाली आणली. पुढील प्रयोगांत असे दिसले की, टेरोस्टिल्बीनमुळे यकृतात नवी साखर तयार करणारी विकरे मंदावतात आणि साखर वापरात आणणारे विकर अधिक काम करू लागते.

पण हे टेरोस्टिल्बीन पाण्यात फारच कमी विरघळते. पेल्यातील पाण्याला चढणारा तांबूस रंग आणि उन्हात धरल्यावर दिसणारी निळसर झाक ही लाकडातील इतर, पाण्यात सहज उतरणाऱ्या द्रव्यांची असते. त्यामुळे रंग गडद आला म्हणजे औषध पुरेसे उतरले, हा बाजारातील हिशेब मला पटत नाही. शिवाय तोच पेला रोज भरला की लाकडातील अर्क ओसरत जातो आणि पाणी फिके पडते. म्हणजे पहिल्या आठवड्यातील मात्रा आणि दोन महिन्यांनंतरची मात्रा एक राहत नाही.

माणसांवरही अभ्यास झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या केंद्रांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र तेथे विजयसार दोन ते चार ग्रॅम असे मोजून दिले होते, आणि तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. आहार बदलल्याने किती फरक पडला, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

वनस्पतीतून मधुमेहाचे औषध निघू शकते, याविषयी मला शंका नाही. मेटफॉर्मिनचेच मूळ गॅलेगा या युरोपीय वनस्पतीत आहे. तिच्यातील गॅलेगिन साखर उतरवत असे, पण ते विषारी ठरले. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये तयार केले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी रुग्णांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. बिज्याच्या बाबतीत अशी ठरलेली गोळी अजून हाती आलेली नाही. म्हणून पेला सुरू केला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणारी गोळी बंद करू नये. जे ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी तर पेल्याविषयी डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्यांच्या बाबतीत साखर प्रमाणाबाहेर उतरून चक्कर येण्याचा धोका अधिक असतो.