झूम लेन्स, सायकलची ट्यूब आणि पळालेला मृग

डिसेंबरातल्या अमावस्येला मामाच्या गावी गेले होते, भंडारदऱ्याच्या अलीकडे. तिथलं आभाळ अजून बऱ्यापैकी काळं आहे, म्हणजे पुण्यात जिथे मोजून वीसपंचवीस तारे दिसतात तिथे हे असं पीठ सांडल्यासारखं. सोबत माझा जुना क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ट्रायपॉड आणि सेकंडहँड घेतलेली १८-२०० ची झूम लेन्स. ताऱ्यांचे फोटो काढायचे म्हटलं की सगळे पहिलं वाक्य हेच सांगतात की झूम नको, प्राइम (एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घे. बरोबरच आहे त्यांचं. पण जे आहे त्यात काय होतंय ते तरी बघू म्हटलं, कारण महिनाअखेर होती आणि पाकिटात काही नव्हतं.

मला अख्खं मृग नक्षत्र हवं होतं. काक्षीपासून (बीटलजूस) राजन्यापर्यंत (रायजेल), म्हणजे वरच्या ठळक ताऱ्यापासून खालच्या ठळक ताऱ्यापर्यंत सरळ धरलं तर साधारण १९ अंश होतात, आणि क्रॉप सेन्सरवर ५० एमएमला कॅमेरा उभा धरला की तो छान मावतो, वर खाली थोडी जागा राहते. झूमची मजा ही आहेच बघा, १८ ला ठेवलं की मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध सगळी वरात एका फ्रेममध्ये, आणि तिथेच उभं राहून ५० ला गेलं की एकटा मृग. प्राइमवाल्यांना यासाठी दोन लेन्स लागतात आणि अंधारात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर धूळ आलीच.

फोकस केला व्याधावर. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करायचा आणि रिंग केसभर केसभर फिरवत तारा जास्तीत जास्त बारीक करायचा, एका बाजूला गेलं की कडेला जांभळट झाक येते, दुसऱ्या बाजूला हिरवट, त्या दोन्हीच्या मधे थांबायचं. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर अजिबात विश्वास ठेवू नका, बऱ्याच लेन्सची रिंग त्याच्याही पुढे फिरते. स्टॅबिलायझेशन बंद केलं, आयएसओ ३२००, ५ सेकंदाचं एक्सपोजर, रिमोटला १२० फोटो लावले आणि मामींनी दिलेला चहा घेऊन ओट्यावर बसले.

पाचच सेकंद का, तर ५०० चा नियम, म्हणजे ताऱ्यांच्या रेघा न होता जास्तीत जास्त किती सेकंद घेता येतात त्याचा हिशोब. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं, क्रॉप असेल तर आधी दीडने गुणायचं. १८ ला साडेअठरा सेकंद मिळतात, ५० ला जेमतेम साडेसहा. आणि हा नियम तसा ढिलाच आहे, कारण आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं आणि माझ्या कॅमेऱ्यात ५० ला एक पिक्सेलही साधारण तेवढाच आहे, म्हणजे ५ सेकंदात तारा पाचेक पिक्सेल घसरतोच. त्यात मृग पडतो आकाशाच्या विषुववृत्तावर, जिथे तारे सगळ्यात जास्त पळतात. मोबाइलवर कुणाला दिसत नाही ते सोडा.

चहा संपवून येऊन पहिला फोटो बघितला, मस्त. शेवटचा बघितला तर मृग लहान झालेला! मला आधी वाटलं डोळे दमले. मग मधले सगळे भराभर पुढे ढकलत बघितले तर सिनेमासारखं दिसायला लागलं, मृग मागे मागे पळतोय आणि उजेडाचा ठिपका होऊन खालच्या कोपऱ्यातून व्याध फ्रेममध्ये घुसतोय. झालं असं होतं की मृग डोक्यावर जवळजवळ ७० अंशांवर आलेला, लेन्सचं तोंड आभाळाकडे, आणि जुन्या झूमची पुढची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसत गेली. ५० ची ३५ कधी झाली कळलंच नाही. बरं नुसता आकार बदलला असता तरी सॉफ्टवेअरने जुळवून घेतलं असतं, पण फोटोसाठी बनवलेल्या बहुतेक झूममध्ये फोकल लेंग्थ बदलली की फोकसही हलतो, त्यामुळे पहिले तीसेक सोडले तर पुढचे सगळे तारे पिंजलेल्या कापसासारखे.

मामा बाहेर आले. म्हणाले, "काय झालं गं, तोंड का पाडलं?" मी सांगितलं की ही नळी घसरतीय. त्यांनी लेन्स हातात घेऊन वरखाली करून बघितली आणि म्हणाले, "सायकलची फाटकी ट्यूब आहे बघ मागं, कापून देऊ का चकती?" आणि खरंच दोन बोटं रुंद रबराची चकती कात्रीने कापून आणली. अर्धी झूमच्या रिंगवर, अर्धी शेजारच्या न हलणाऱ्या भागावर. वर मी कागदी टेपचे दोन तुकडे लावले, एक फोकसच्या रिंगवरही. परत व्याधावर फोकस, परत १२०. या वेळी नळी एक केसभर हलली नाही.

आता ॲपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या प्रकाश आत घेणाऱ्या भोकाचं. लोक म्हणतात झूम वाढवला की ॲपर्चर लहान होतं म्हणून प्रकाश कमी. आकाशाच्या उजेडापुरतं खरं आहे, पण तारा म्हणजे ठिपका, त्याला हिशोब लागतो तो भोकाच्या प्रत्यक्ष व्यासाचा. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागलं की तो व्यास मिळतो, म्हणजे १८ ला एफ ३.५ असेल तर सुमारे ५ मिमी, अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडते साधारण तेवढंच. ५० ला माझी लेन्स एफ ५ ला असते, म्हणजे १० मिमी. व्यास दुप्पट, प्रकाश चौपट, म्हणून एफचा आकडा वाईट दिसूनही ५० ला बारीक तारे जास्त येतात. फक्त मग एक एक फोटो छोटा घ्यावा लागतो आणि ढीगभर घेऊन स्टॅक करावे, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक जुळवून एक करावे लागतात. (५० चा एफ १.८ प्राइम पूर्ण उघडला तर जवळजवळ २८ मिमी भोक, म्हणजे प्रकाश माझ्या झूमच्या पावणेआठ पट. म्हणून लोक प्राइम प्राइम करतात. मान्य.)

कोपऱ्यांचं मात्र झूमला काही औषध नाही. १८ ला पूर्ण उघडं ठेवलं तर कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या चिमण्या दिसतात. एफ ५ पर्यंत आणलं की जरा सुधारतात, उरलेलं कापून टाकायचं.

पहाटे एक गाढवपणा केला. कडा काळवंडतात त्या दुरुस्त करायला फ्लॅट फ्रेम लागतात, म्हणजे लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून उजाडत्या आभाळाचे वीसेक फोटो, पण तोच झूम आणि तोच फोकस हवा. मी थंडीने कुडकुडत आधी सगळ्या टेपा काढल्या, चकती काढली, नळी आत ढकलली, आणि बॅग भरताना आठवलं. फाइलमध्ये ५० असं लिहिलेलं असतं खरं, पण तो आकडा ढोबळ असतो, त्यावरून नेमकी तीच जागा परत सापडत नाही.

तरी दहा मिनिटांचा स्टॅक बरा निघाला. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली तेजोमेघाचा गुलाबी फुगा स्पष्ट आला, तोही ट्रॅकरशिवाय (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय). मामांना फोटो पाठवला तर त्यांचा रिप्लाय, "ट्यूब कामाला आली का?"

आता मार्चच्या अमावस्येला पहाटे वृश्चिक आणि धनूकडचा आकाशगंगेचा गाभा घ्यायचाय, कारण जून उजाडला की चार महिने ढगच. तोपर्यंत चकती परत लेन्सवर चढवून ठेवलीय. परवा चुलतबहिणीच्या साखरपुड्यात अंगठी घालतानाचा फोटो काढायला झूम फिरवायला गेले तर फिरेचना, आणि अख्खा साखरपुडा ५० एमएमवर मागे सरकत सरकत काढला, शेवटी पाठ जाऊन जिलेबीच्या टेबलाला लागली.