नमुना

सकाळी शटर वर करतोय तोच गॅरेजचा पोऱ्या दारात उभा. हातात माझंच खोकं. "दादा, हा पण नाही बसला." आठवड्यात दुसऱ्यांदा.

गाडी तीस वर्षांची. मागच्या डाव्या चाकाचं व्हील सिलिंडर गळत होतं. ब्रेक दाबला की याच्यातले पिस्टन ऑइलच्या दाबाने सरकतात आणि लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमवर दाबतात. ड्रम ब्रेकच्या गाड्यांमधलं हे नेहमीचं दुखणं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पित राहतं, वेळच्या वेळी बदललं नाही की सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खळगे पडतात. रबरी कप त्या खळग्यांवरून घासत जातो, फाटतो आणि ऑइल लायनरवर पाझरतं. यात अवघड काही नाही, सिलिंडर बदलायचं आणि मोकळं व्हायचं. मी एकवीस वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरवर आहे, असे किती दिले असतील त्याची गणती नाही.

पहिला पार्ट मी मॉडेल आणि साल ऐकून दिला होता. ही माझी चूक. गाडीच्या कागदांवर असतं ते नोंदणीचं साल. गाडी बनली कधी, हे त्यावरून कळत नाही. कारखान्यात एखादा बदल होतो तो एक जानेवारीची वाट बघत नाही, अमुक चॅसिस नंबरपासून पुढे होतो. या मॉडेलमध्येही तसंच झालं होतं. आधीच्या गाड्यांच्या ब्रेक पाइपचे नट इंची आट्यांचे, नंतरच्यांचे मेट्रिक. ही गाडी आधीच्यातली, पण गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत साल उलटलेलं, म्हणून मी दिलं ते मेट्रिक.

हा घोळ वरवर दिसतो त्यापेक्षा वाईट असतो. इंची नट तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे ९.५२५ मिलिमीटरचा, इंचाला २४ आटे. मेट्रिक नट १० मिलिमीटरचा, दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, एक मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मेट्रिक नट सिलिंडरच्या इंची भोकात जातच नाही, ते बरं. पण इंची नट मेट्रिक भोकात जातो, फिरतो, पाना लावला की आवळल्यासारखाही वाटतो. आटे धरलेले असतात नुसत्या कडांनी, आणि जोरात ब्रेक दाबायची वेळ आली की सगळे आटे एकदम सोडतात. पोऱ्या हुशार. नट आधी बोटांनी फिरवून बघितला, तो भोकात डुगडुगला, म्हणून पाना न लावता पार्ट परत आणला. वय असेल एकोणीस. तिथेच मी त्याला मनातल्या मनात पास केलं.

मग मी चॅसिस नंबर मागवला. त्याने फोनवर सांगितला, त्यात एक 'ओ' होता. सतरा आकडी चॅसिस नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे ते शून्य. लोकांना हे सांगितलं की आपण मोठे जाणकार वाटतो. पार्ट्सच्या कॅटलॉगात त्या नंबरावर इंची आट्यांचं पान सापडलं, पण तिथे सिलिंडर दोन, एक १९.०५ आणि एक २०.६४ मिलिमीटर बोअरचं, म्हणजे आतल्या व्यासाचं. कोणतं कधी, ते खालच्या बारीक टिपेत लिहिलेलं होतं. ती टीप मी वाचली नाही. काउंटरवर चार माणसं उभी होती आणि १९.०५ हाताशी होतं, तेच दिलं.

तेच आता परत आलं होतं. "जुन्याचा पिस्टन यात जात नाही, दादा. आतलं भोक लहान आहे."

"जुनं आणलंस?"

त्याने पिशवीतून जुनं सिलिंडर काढलं. ऑइल, धूळ आणि लायनरचा भुगा यांचं काळं पुट चढलेलं. तारेच्या ब्रशने घासलं, फडक्याने पुसलं, मग ओतिवाच्या उंचवट्यावरून खडू आडवा फिरवला. उठावदार आकडे असले की खडू फक्त त्यांच्या माथ्यावर बसतो आणि जे दिसत नव्हतं ते पाटीवर लिहिल्यासारखं वर येतं. आलं: १३/१६. तेरा सोळांश इंच म्हणजेच २०.६४. खात्रीला व्हर्निअर लावला, जिथे गंज नव्हता तिथे बरोबर तेवढंच.

झालं, मागवा २०.६४ चं. आमच्या धंद्यात नमुना म्हणजे शेवटचा शब्द. 'जुना आणा, जुळवून देतो' हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणतो.

ऑर्डर लिहीत होतो तेवढ्यात गाडीचे मालकच आले. निवृत्त गृहस्थ, शांत. पार्ट कधी येणार विचारून झाल्यावर काका सहज बोलून गेले, "सिलिंडर बदलल्यावर तो ओढा पण जाईल का हो?"

"कसला ओढा?"

"ब्रेक दाबला की गाडी थोडी डावीकडे जाते. बरीच वर्षं झाली. अलाइनमेंट केली, टायर बदलले, पुढचे पॅड बदलले. शेवटी नाद सोडला. आता सवय झालीय."

मी पेन खाली ठेवलं. पोऱ्याकडे बघितलं. "उजवा ड्रम उघडलास?"

"उजवं कुठे गळतंय?"

"उघड. मी आलोच."

काउंटर सोडून गॅरेजात जाणं मला आवडत नाही, मागे हिशोब खोळंबतो. त्या दिवशी गेलो. उजव्या बॅकप्लेटवरच्या सिलिंडरला खडू फासला: ३/४. पाऊण इंच, म्हणजे १९.०५.

एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळी सिलिंडरं. बाहेरून दोघंही सारखीच, बोल्ट तिथेच, पाइपचं भोक तेच, नटही तोच. फरक दीड मिलिमीटरचा, पण जोर ठरतो पिस्टनच्या क्षेत्रफळावर आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. तेवढ्याच दाबाला डावीकडचे लायनर सुमारे सतरा टक्के जास्त जोराने ड्रमवर दाबले जात होते. काकांची गाडी उगाच डावीकडे जात नव्हती.

पोऱ्या म्हणाला, "मग उजवीकडे पण २०.६४ टाकू. दोन्ही सारखे."

ओढा गेला असता त्याने, हे खरं. पण दोघांपैकी मूळचं कोणतं? नमुने दोन आणि दोघांचं म्हणणं वेगळं. कधीतरी कोणीतरी, बहुधा माझ्याच धंद्यातल्या माणसाने, हाताशी होतं ते दिलं असणार. मी नुकतंच केलं होतं तसंच. फक्त माझं नशिबाने परत आलं. आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर देणं म्हणजे सुरक्षितता वाढवणं नव्हे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते. किती जोर मागे द्यायचा, हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

आता ती बारीक टीप वाचली. १८० मिलिमीटरच्या ड्रमला २०.६४, २०० च्या ड्रमला १९.०५. ड्रम लहान असला की चाक तेवढंच रोखायला जास्त जोर लागतो, म्हणून सिलिंडर मोठं, हिशोब सरळ आहे. टेप आतून नीट धरता येत नाही, म्हणून लांब दांड्याचा व्हर्निअर मागून आणला आणि ड्रम मोजला. घासून घासून २०० च्या किंचित वर गेलेला. म्हणजे मूळचं उजवीकडचं, पाऊण इंची. चुकीचं होतं ते गळणारं. आणि मी सकाळी चिडून परत घेतलेलं खोकं बरोबर होतं.

पोऱ्या हसला. मला हसायला जरा वेळ लागला.

अडचण एकच उरली. इंची आट्यांचं १९.०५ माझ्याकडे एकच होतं आणि सिलिंडर नेहमी जोडीने बदलावं. एक नवं, एक जुनं ठेवलं की पुन्हा डावं-उजवं सुरू. ऑइल प्यालेले लायनर डावीकडचेच, पण तेही दोन्ही बाजूंचे काढायला सांगितले. ऑइल प्यालेले लायनर धुऊन, जाळून पुन्हा लावणारे आहेत, मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण पार्ट देतानाच सांगतो. दुसरं सिलिंडर दुपारपर्यंत एका जुन्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर सापडलं, खोक्याचा रंग उडालेला, आत मेणकागदात जसंच्या तसं. असा पडून राहिलेला माल बघून लोक हरखतात. लोखंड खरंच उत्तम असतं. रबर मात्र न वापरताही म्हातारं होतं. कप बाहेर काढून नखाने दाबला, खूण उठली ती परत भरली नाही. नव्या किटमधले दोन कप त्यात घालायला दिले, आतली भिंत ब्रेक ऑइलनेच पुसून. इथे इंजिन ऑइलचा हात लागला तरी रबर फुगतं, हे पोऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून दोनदा पुरलं असतं.

संध्याकाळी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून झाली, पेडल वर घट्ट आलं. काका म्हणाले, तुम्हीही बसा. मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वेग धरला आणि ब्रेक दाबला.

गाडी उजवीकडे गेली.

माझ्या पोटात खड्डा पडला. काका थांबले, वळून म्हणाले, "आता ही उजवीकडे ओढतेय." पुन्हा करायला सांगितलं. या खेपेला मी रस्ता बघितला नाही, त्यांचे हात बघितले. पाय ब्रेककडे निघायच्या आधीच दोन्ही मनगटं स्टिअरिंग बोटभर उजवीकडे वळवत होती.

"काका, हात सैल सोडा."

"सैलच आहेत की."

तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच खाली आपल्या हातांकडे पाहिलं.